काकडीच्या रोपाचे पहिले दहा दिवस

काकडीचे रोप रोपवाटिकेतून आणताना टवटवीत असते आणि शेतात लावल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान टाकते. काही रोपे सावरतात, काही खुरटून बसतात, काही मरतात आणि मग नांग्या भरण्याची धावपळ सुरू होते. नांग्या भरलेल्या प्लॉटमध्ये वेल एकसारखे येत नाहीत. पहिली रोपे मांडवावर चढत असताना मागाहून लावलेली जमिनीलगतच असतात, आणि दीड महिन्यात तोडा सुरू होणाऱ्या पिकात हे आठ-दहा दिवसांचे अंतर सहसा शेवटपर्यंत भरून निघत नाही. यावर उपाय सांगणाऱ्यांची कमतरता नाही. कोणी पाणी वाढवायला सांगतो, कोणी ह्युमिकची आळवणी, कोणी बुरशीनाशक, कोणी सावली. यातला प्रत्येक उपाय कुठे ना कुठे लागू पडतो, म्हणूनच सगळा गोंधळ आहे. या उपायांना एकत्र तपासायचे तर एकच कसोटी लावावी लागते: लावणीनंतरच्या पहिल्या दहा दिवसांत रोपाच्या मुळांच्या गड्ड्याबाहेर नवी पांढरी मुळी सुटायला या उपायाने मदत होते का? होत असेल तर तो करावा. होत नसेल तर तो पाने पाहून केलेला उपाय आहे, आणि रोप लागते ते पानांवर नव्हे, मुळीवर.

काकडीच्या बाबतीत ही कसोटी टोमॅटो किंवा कोबीपेक्षा कडक का, याचे उत्तर शंभर वर्षे जुने आहे. वॉल्टर लूमिस या संशोधकाने अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून 1925 मध्ये भाजीपाल्याच्या पुनर्लागवडीवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कोबी, टोमॅटो यांसारखी पिके सहज उचलून लावता येणारी, तर मका, घेवडा आणि वेलवर्गीय पिके अवघड, अशी विभागणी होती. फरक मुळांत होता. कोबीचे मूळ तुटले तर त्याला भराभर नवे फाटे फुटतात. काकडीच्या मुळावर सुबेरिन नावाचा मेणचट, पाणी अडवणारा थर लवकर चढतो आणि तुटलेल्या मुळाच्या जागी नवी मुळी उशिरा येते. त्यामुळे मूळ दुखावलेल्या काकडीकडे पाणी ओढणारा भाग थोडा उरतो आणि तो वाढायला वेळ लागतो. पाने मात्र मोठी, पातळ आणि उघडी असतात. त्यांतून पाणी उडत राहते. खर्च चालू आणि आवक बंद अशी ही अवस्था असते. पानांवरची छिद्रे मिटून रोप तात्पुरता बचाव करते, पण छिद्रे मिटली की अन्न तयार होणेही मंदावते आणि नवी मुळी काढायला लागणारी साखर कमी पडते. पुनर्लागवडीचा धक्का म्हणतात तो हाच फेरा.

यावर पहिला आक्षेप असा की मग रोप करायचेच कशाला? आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या काकडीचे बी थेट टोकत आले आहेत. कोकणात पावसाच्या तोंडावर परसात आळी करून तवशाचे, म्हणजे तिकडच्या काकडीचे, बी लावतात आणि वेल मांडवावर चढवतात. त्यात पुनर्लागवडीचा प्रश्नच येत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला अर्धे उत्तर होकारार्थीच द्यावे लागते. माती उबदार असेल, बी स्वतःच्या घरचे किंवा स्वस्त असेल आणि घाई नसेल, तर टोकण हीच काकडीची नैसर्गिक पद्धत आहे. बी जिथे रुजते तिथेच सोटमूळ खाली जाते आणि उबदार जमिनीत असे रोप रोपवाटिकेतल्या रोपाला पुष्कळदा गाठतेही. पण संकरित बियाण्याचा एकेक दाणा महाग असतो, मल्चिंग पेपरच्या प्रत्येक छिद्रात खात्रीचे झाड हवे असते, आधीचे पीक निघेपर्यंत रोप दुसरीकडे वाढवले तर दोन आठवडे हाती लागतात, आणि उगवणीच्या नाजूक काळात पाखरे, उंदीर, मुसळधार पाऊस यांपासून बी वाचते. शिवाय लूमिसच्या काळातली रोपे बहुधा वाफ्यातून उपटलेली असत. आज प्रोट्रेच्या कप्प्यात वाढलेले रोप गड्ड्यासकट निघते, मूळ तुटत नाही. वेलवर्गीयांचे रोप करू नये हा जुना नियम उपटलेल्या रोपापुरता योग्य होता. प्रोट्रेने तो रद्द केलेला नाही, त्याची धार कमी केली आहे.

धार कमी झाली, पण एक नवी अडचण आली. 98 कप्प्यांच्या प्रोट्रेमध्ये एकेका कप्प्यात मूठभरही कोकोपीट मावत नाही. रोपवाटिकेत त्याला दिवसातून दोनदा झारीने पाणी मिळत होते. शेतात गेल्यावर, नवी मुळी बाहेर पडेपर्यंत, रोपाची सगळी पाणीटाकी तेवढीच असते. आता त्या गड्ड्याच्या भोवती काळी माती आहे असे समजा. कोकोपीटचे छिद्र मोठे, काळ्या मातीचे बारीक. आणि बारीक छिद्रे मोठ्या छिद्रांतले पाणी ओढून घेतात. भोवतालची माती कोरडी असेल तर ती पहिल्याच दिवशी गड्डा शोषून कोरडा करते. त्यात गड्ड्याचा वरचा भाग मातीच्या वर उघडा राहिला तर तो दिव्याच्या वातीसारखे काम करतो आणि उरलेले पाणी वाऱ्याला देऊन टाकतो. मग असे दृश्य दिसते की वाफा ओला आहे, ठिबक चालू आहे आणि रोप सुकलेले आहे. अशा वेळी कोमेजलेले एक रोप खुरप्याने हलकेच उपसून पाहावे. पुष्कळदा गड्डा ट्रेमधून काढला तसाच, कप्प्याच्या आकाराचा, कडा न मोडता हातात येतो. बाहेरून चिखल लागलेला असतो, बोटांनी फोडला तर आत कोकोपीट कोरडे असते आणि एकही मुळी बाहेर आलेली नसते. ही पाण्याची कमतरता आहे, पण ती जमिनीत नाही, गड्ड्यात आहे. म्हणून पाण्याचे प्रमाण वाढवण्यापेक्षा ते कुठे पडते हे बदलावे लागते: पहिल्या आठवड्यात ठिबकचा ड्रिपर रोपाच्या बुडाजवळ, गड्डा भिजेल असा हवा, आणि गड्ड्यावर बोटभर माती ओढलेली हवी.

पाणी वाढवण्याच्या सल्ल्यावर दुसरी हरकत याहून गंभीर आहे. कोमेजलेले रोप दिसले की हात पाण्याकडे जातो, पण साचलेल्या पाण्यातही काकडी अगदी तशीच कोमेजते. मुळाला श्वास लागतो. प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू तो पाण्यातून पसरतो. म्हणजे मातीतली छिद्रे पाण्याने भरली की मूळ गुदमरते, आणि गुदमरलेले मूळ पाण्यात बुडूनही पाणी आत घेऊ शकत नाही. वरून पाहणाऱ्याला तहान आणि गुदमर यांत फरक दिसत नाही. त्यावर आणखी पाणी दिले की पिथियमसारख्या बुरशीला हवे तसे वातावरण मिळते आणि रोपमर सुरू होते. म्हणून काकडीच्या रोपाला पाहिजे तो वाफसा, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही. याचा सर्वांत मोठा पुरावा प्रयोगशाळेत नाही, नदीपात्रात आहे. विदर्भात वैनगंगा-वर्धेच्या वाळूत उन्हाळ्यात डांगरवाड्या लावतात. तिथे वाळूत खड्डे घेऊन त्यांत खत घालतात. वर कडक ऊन, पण खाली ओल आणि वाळूत भरपूर हवा, म्हणून काकडी, टरबूज, खरबूज जोमाने येतात. भारी काळ्या जमिनीत हीच परिस्थिती गादीवाफ्याने आणावी लागते. लावणीच्या आदल्या दिवशी वाफे भिजवून, वाफसा आल्यावर रोप लावले तर माती गड्ड्यातले पाणी ओढत नाही आणि चिखलात काठीने भोक पाडण्याची वेळही येत नाही. ओल्या काळ्या मातीत काठीने पाडलेल्या भोकाच्या भिंती गुळगुळीत लिंपल्यासारख्या होतात. मुळी त्यांना आदळून आतच फिरत राहते.

मुळीला लागणारी तिसरी गोष्ट ऊब. काकडी मूळची हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशातली, उष्ण हंगामाची वेल. माती 15-16 अंशांखाली गेली की तिचे मूळ पाणी घेण्यात कमी पडते, आणि रात्रीचा पारा 10 अंशांच्या आसपास राहिला तर पेशींनाच इजा होते. महाराष्ट्रात उन्हाळी काकडीची लागवड जानेवारी-फेब्रुवारीत होते. त्याच सुमारास निफाडचे किमान तापमान राज्यात नीचांकी असल्याच्या बातम्या येतात. अशा दिवसांत सकाळी लख्ख ऊन पडते, पाने पाणी मागतात, माती अजून गार असते आणि ओल्या वाफ्यात रोपे मान टाकतात. शेतकरी याला रोग समजून फवारणी करतो. मुद्दा मुळाचाच आहे, याची साक्ष पूर्व आशियातून मिळते. जपान, कोरिया, चीन या देशांत काकडीची कलमे भोपळावर्गीय मुळांवर बांधतात, आणि त्यांतली फिगलीफ भोपळ्याची मुळे गार मातीतही पाणी ओढत राहतात म्हणून हिवाळी पिकासाठी वापरली जातात. वरचे शेंडे-पाने काकडीचीच. बदलले फक्त मूळ, आणि रोपाचे वागणे बदलले. आपल्या साध्या शेतकऱ्याला कलमाची गरज नाही. थंडी ओसरेपर्यंत आठवडाभर थांबणे, गादीवाफा आधी मल्चिंग करून तापू देणे आणि रोपांवर क्रॉप कव्हर टाकणे एवढे पुरते.

चौथा मुद्दा रोपाच्या वयाचा, आणि इथे मतभेद खरे आहेत. आपल्याकडे काकडीचे रोप उन्हाळ्यात 12 ते 15 दिवसांचे, दोन खरी पाने असलेले लावावे असे सांगतात. यावर कोणी म्हणेल की भाजीपाल्यात रोपाच्या वयाचा उत्पन्नाशी फारसा संबंध नाही. चार्ल्स वाव्हरिना यांनी 1998 मध्ये या विषयावरील अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा अनेक पिकांत वयाच्या बऱ्याच मोठ्या पल्ल्यात उत्पन्न जवळपास सारखे राहते असे दिसले. पण अशा चाचण्या बहुधा नियमित पाणी, भुसभुशीत माती आणि काळजीपूर्वक लावणी यांत होतात. तिथे वयस्क रोपही सावरते. प्रश्न आहे तो उन्हात, भारी मातीत, तुटक वीजपुरवठ्यावर चालणाऱ्या शेताचा. कप्प्यात अडकलेले जुने रोप वेटोळी मुळे घेऊन येते. त्यातला बराच भाग सुबेरिनने बंद झालेला असतो आणि वर चार पाने पाणी मागत असतात. लहान रोपात ही तफावत कमी असते, आणि त्याची दोन दलपर्णे अजून हिरवी असतात. दलपर्णे म्हणजे बियातून निघालेली पहिली जाड पाने. काकडीत ती उन्हात अन्नही तयार करतात आणि नव्या मुळीला सुरुवातीची साखर पुरवतात. म्हणून रोप निवडताना उंची पाहू नये. दलपर्णे हिरवी आहेत का, बुंधा जाड आहे का आणि गड्डा उलटा केल्यावर पांढरी मुळी दिसते का, एवढेच पाहावे. लांब मानेचे, पिवळ्या दलपर्णांचे, फूल आलेले रोप स्वस्त मिळाले तरी महाग पडते.

रोप कणखर करण्याबाबतही अतिरेक होतो. लावणीच्या आधी चार-पाच दिवस रोपवाटिकेची सावली कमी करून, उन्हा-वाऱ्याची सवय लावून, पाणी जरा आवळले की पानांवरचा मेणाचा थर जाडावतो आणि शेतात कमी पाणी उडते. पण काकडीला उपाशी ठेवून किंवा थंडीत सोडून कणखर करता येत नाही. फार आवळलेले रोप वाढ थांबवते, लवकर फुलावर येते आणि लावल्यावर पुढे सरकत नाही. कणखरपणा पानांत हवा, मूळ वाढते राहिले पाहिजे. हे दोन्ही एकदम जमण्यासाठी पाणी कमी करावे पण गड्डा कोरडा पडू देऊ नये, हा मधला मार्ग आहे.

मग खते आणि क्षार. काकडी क्षारांना मध्यम नाजूक पिकांत मोडते. मास आणि हॉफमन यांनी 1977 मध्ये पिकांची क्षारसहनशीलता मांडली, त्यात मातीच्या अर्काची विद्युतवाहकता 2.5 डेसीसीमेन प्रति मीटरच्या वर गेली की काकडीचे उत्पन्न घसरू लागते, असा हिशेब दिला आहे. कृष्णा, नीरा, प्रवरा या नद्यांच्या कालव्याखालच्या ज्या जमिनी क्षारपड झाल्या, तिथे हा आकडा सहज ओलांडला जातो. लावणीच्या वेळी त्याच जागेवर आणखी क्षार आणणारे तीन मार्ग आहेत: न धुतलेले कोकोपीट, रोपाच्या बुडाशी टाकलेले दाणेदार खत आणि कच्चे शेणखत. कच्च्या खताची आणखी एक किंमत म्हणजे हुमणी. स्फुरदयुक्त सौम्य द्रावणाची एखादी आळवणी मात्र समर्थनीय आहे, कारण स्फुरद मातीत फार हलत नाही आणि छोट्या मुळाला तो जवळ लागतो. गार मातीत ही मदत जास्त दिसते. पण ज्या जमिनीत स्फुरद पुरेसा आहे आणि माती उबदार आहे, तिथे तिचा फरक जाणवेलच असे नाही. बेसल डोस वाफ्यात खोलवर, रोपापासून वितभर दूर, आणि पहिल्या आठवड्यात युरिया शून्य, हा नियम बहुतेक शेतांना लागू पडतो.

सर्वांत जास्त पैसा जातो तो टॉनिकवर. जीवनसत्त्व, ह्युमिक, समुद्र शेवाळाचा अर्क, अमिनो आम्ले, अशी बाटल्यांची रांग लावणीच्या दिवशीच लागते. यातल्या एकाची गोष्ट उद्बोधक आहे. थायमिन म्हणजे ब1 जीवनसत्त्व पुनर्लागवडीच्या धक्क्यावर चालते, अशी समजूत जगभर पसरली आहे. तिचे मूळ 1930 च्या दशकातल्या जेम्स बॉनर यांच्या वाटाण्याच्या मुळांवरील प्रयोगांत आहे. पण ती मुळे रोपापासून तोडून काचेत वाढवलेली होती, म्हणून त्यांना थायमिन बाहेरून द्यावे लागले. पूर्ण रोप आपल्या पानांत ते स्वतःच तयार करते. पुढच्या चाचण्यांत जिवंत, पूर्ण रोपावर त्याचा लाभ दिसला नाही. समुद्र शेवाळ आणि ह्युमिकच्या बाबतीत निष्कर्ष मिश्र आहेत. काही ठिकाणी फायदा, काही ठिकाणी काहीच नाही. यावर शेतकऱ्याचे म्हणणे असते, “आम्ही टाकले आणि चार दिवसांत रोप उभे राहिले.” ते खोटे नाही. पण चांगला गड्डा, वाफसा आणि ऊब असेल तर रोप चार दिवसांत असेही उभे राहते. ज्या ओळीत बाटली टाकली नाही ती ओळ तपासल्याशिवाय श्रेय कोणाचे हे ठरत नाही, आणि अशी एखादी ओळ फार कमी शेतात राखलेली असते. बाटल्यांना सरसकट फसवणूक म्हणता येणार नाही, पण त्यांचा क्रम शेवटचा आहे.

पानांची राखण मात्र बिनकामाची नाही, कारण तिचा मुळीशी थेट संबंध आहे. वेलवर्गीयांवर येणारा लाल भुंगा कोवळ्या रोपांची दलपर्णे जाळीदार करतो आणि त्याच्या अळ्या जमिनीत राहून मुळे खातात. म्हणजे तो मुळीवर दोन बाजूंनी घाला घालतो. पांढरी माशी आणि मावा विषाणू आणतात, आणि कोवळ्या वयात विषाणू लागलेला वेल पुढे सुधारत नाही. म्हणून पहिल्या पंधरा-वीस दिवसांत फवाऱ्यांपेक्षा क्रॉप कव्हर उपयुक्त ठरते. ते भुंगा आणि माशी दूर ठेवते, वारा अडवते, पाण्याचा खर्च कमी करते आणि थंडीत ऊबही देते. ज्या जातींना परागीकरण लागते, त्यांना फुले येताच ते काढले पाहिजे, नाहीतर मधमाशी आत येत नाही. मल्चिंग पेपरचा मात्र एक धोका बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एप्रिल-मेमध्ये पेपरखालची तापलेली हवा छिद्रातून बाहेर पडते आणि कोवळ्या बुंध्याला भाजते; जमिनीलगत बुंधा तपकिरी होऊन बारीक पडलेला दिसतो आणि तो बुरशीचा रोग समजला जातो. छिद्र मोठे ठेवून त्यात माती भरून कडा बंद केल्या की हे थांबते.

या सगळ्यातून लावणीची रीत निघते ती साधी आहे. आदल्या दिवशी वाफा भिजवावा. ट्रे पाण्यात बुडवून गड्डा पूर्ण ओला करावा. ऊन उतरल्यावर, दुपारी चारनंतर, खुरप्याने माती मोकळी करून गड्डा अख्खा ठेवावा, टोमॅटोसारखा बुंधा खोल गाडू नये, वर बोटभर माती ओढून हाताने हलकी दाबावी, म्हणजे गड्डा आणि माती यांच्यात पोकळी राहत नाही. लगेच थोडे पाणी द्यावे. तिसऱ्या दिवशी आंबवणी आणि पुढे चिंबवणी हा पाण्याचा जुना क्रम ठिबक असतानाही खरा आहे, कारण त्यात दोन पाण्यांमध्ये हवेला जागा ठेवलेली आहे. सावली केलीच तर पहिले तीन-चार दिवस दुपारपुरती. त्याहून जास्त सावलीत पाने पुरेशी साखर करत नाहीत आणि मुळी थांबते. वेलाला फळ धरू लागल्यावर बुडालगतच्या पहिल्या चार-पाच पेऱ्यांवरची फळे काढून टाकली तर त्या फळांत जाणारी साखर वाढीकडे आणि मुळांकडे वळते.

लावणीनंतर दहाव्या दिवशी वाफ्याच्या दोन टोकांवरची दोन रोपे खुरप्याने उपसून पाहावीत. गड्ड्याभोवती पांढरी मुळी पसरली असेल, तर पुढचे पीक खत-पाण्याच्या नेहमीच्या हिशेबाने चालेल. गड्डा ट्रेमधून आला तसाच असेल, तर दुकानात जाण्याआधी पाणी, माती, ऊब आणि क्षार या चार गोष्टी तपासा. काकडीच्या रोपाची मर बहुतेक वेळा याच चारांपैकी एकीत सापडते.